डेकल चंदेरी पडतं ते खालच्या रंगामुळे

तुम्ही लिहिलंय, की लेकीच्या अकराव्या वाढदिवसाला एचओ या मॉडेल-रेल्वेच्या मापातली, डब्ल्यूएपी-४ या विजेच्या रेल्वे इंजिनाची कोरी थ्रीडी-प्रिंट बॉडी आणली. मे महिन्याच्या सुट्टीत वडोदऱ्यात मांजलपूरच्या गच्चीवर दोघांनी मिळून ती स्प्रेच्या डब्यानं लाल केली, मग टेप लावून क्रीम पट्टा ओढला. नंबराची डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील आकडे, लावायला घेतली तेव्हा प्रत्येक आकड्याभोवती चंदेरी कड दिसायला लागली, दोन आकडे हातातच फाटले आणि एक दुसऱ्या दिवशी सुटून आला. आता लेक हिरमुसली आहे आणि चांगल्या प्रतीची डेकल कुठे मिळतील असं तुम्ही विचारताय.

नवीन डेकल आणू नका. आणलीत तरी तीही अशीच दिसतील. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. लाल रंग खरखरीत आहे, बारीक रवा भुरभुरावा तसा. त्या रव्यात डेकल बसलेलंच नाही, ते वर तरंगतंय.

डेकल म्हणजे चार गोष्टी असतात: खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर केसापेक्षा पातळ पारदर्शक पापुद्रा आणि पापुद्र्यावर छापलेली शाई. पाण्यात टाकलं की डिंक सुटतो आणि पापुद्रा कागदावरून सरकतो. हा पापुद्रा काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसला तर दिसेनासा होतो. खरखरीत पृष्ठभागावर तो फक्त उंचवट्यांना टेकतो, मधल्या खळग्यांत हवा कोंडते आणि त्या हवेवरून उजेड परततो. तीच ती चंदेरी कड. मॅट रंगाच्या बाबतीतही हेच होतं, कारण मॅट दिसतो तो रंग मुळात सूक्ष्म खरखरीतच असतो. म्हणून डेकलची तयारी डेकलच्या दिवशी सुरू होत नाही, ती प्राइमरच्या, म्हणजे रंगाखालच्या अस्तराच्या, आधीपासून सुरू होते.

तुमचा रंग खरखरीत का झाला याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: मे महिना, गच्ची, दुपार. वडोदऱ्यात तेव्हा पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नाही. डब्यातून सुटलेला रंगाचा थेंब बॉडीपर्यंत पोचायच्या आत त्यातलं थिनर उडून जातं. थेंब अर्धवट सुकून टेकतो, पसरत नाही, शेजारच्या थेंबात मिसळत नाही. त्यात वाऱ्याला घाबरून तुम्ही डबा लांब धरला असणार, म्हणजे थेंबाला सुकायला आणखी वेळ मिळाला. हा दोष मी सगळ्यात जास्त पाहिलाय आणि नवखा माणूस त्याचं खापर नेहमी डेकलवर फोडतो.

पावसाळ्यात नेमकं उलटं होतं. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर, विशेषतः क्लिअर लॅकरवर, म्हणजे वरून मारायच्या पारदर्शक थरावर, दुधट सावट येतं. १९९६ च्या जुलैत मी माझं पहिलं इंजिन रंगवलं. दांडिया बाजारच्या घराच्या माळ्यावर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी क्लिअर मारत होतो. दोन तासांत अख्खं काळं इंजिन राखेत लोळवल्यासारखं झालं. ते सावट काढायला मी कापसावर रंगाच्या दुकानातलं थिनर घेतलं आणि पॉलिस्टायरीनचं नाक माझ्या डोळ्यांदेखत मऊ पडून त्याच्यावरचे रिव्हेट पुसले गेले. तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. हवा बघितल्याशिवाय डबा हलवायचा नाही, आणि कुठलंही द्रव आधी बॉडीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथे लावून बघायचं.

आपल्याकडे रंगाचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी दहानंतर, दव उडाल्यावर. उत्तरायणाचे दोन दिवस मात्र गच्ची पतंगवाल्यांची. एरवी मार्चमध्ये सकाळी लवकर आणि पावसाळ्यात चार-पाच दिवस उघडीप मिळाली तर काम होतं. पण नवख्यानं पावसाळ्यात निदान क्लिअर कोट मारू नये असं माझं ठाम मत आहे.

आता या बॉडीचं काय करायचं ते सांगतो.

बाजूच्या जाळ्यांच्या फटी रंगानं बुजल्या आहेत, त्यामुळे नुसतं घासून भागणार नाही, रंग उतरवावा लागेल. रेझिनच्या प्रिंटला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पण बॉडी त्यात रात्रभर बुडवून ठेवू नका. रेझिन ते शोषतं आणि ठिसूळ होतं, पातळ कडा तडकतात. दहा मिनिटं ठेवा, जुन्या मऊ टूथब्रशनं घासा, बाहेर काढून सुकू द्या, गरज पडली तर पुन्हा. साच्यात ओतलेल्या पॉलिस्टायरीनच्या बॉडीसाठी मी साधं डेटॉल वापरतो, निवळ, पाणी न घालता. त्यात एक खोच आहे. रंग सुटल्यावर लगेच नळाखाली धरलं तर डेटॉल आणि रंग मिळून चिकट गोळा होतो आणि तो जाळ्यांत जाऊन बसतो. आधी डेटॉलमध्येच ब्रश बुडवून सगळा रंग काढायचा, मगच साबण आणि पाणी. रेझिनला मात्र डेटॉल नको.

रंग उतरला की बॉडी उजेडात तिरपी धरा. प्रिंटचे थर, बारीक आडव्या रेघा, दिसतील. पहिल्यांदा रंगवताना त्यांच्याकडे तुमचं दुर्लक्ष झालं असावं. रंग या रेघा झाकत नाही, उलट उठून दाखवतो, आणि डेकल त्यांच्यावरही चंदेरी पडतं. ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून सपाट भागांवर हलका फिरवा, मग ६००, मग ८००. पेपर बोटावर धरू नका, बोटाचा दाब मधे जास्त पडतो आणि भिंतीला खळगा होतो. छोट्या लाकडी पट्टीला गुंडाळून घ्या. खड्डे असतील तर मॉडेलसाठीची लांबी (पुट्टी) भरा, सुकल्यावर पुन्हा घासा. रेझिनची धूळ नाकात जाऊ नये, म्हणून हे काम ओलंच करायचं.

मग धुणं. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि शेवटी फिल्टरचं पाणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात, की थेंब सुकला की पांढरं वर्तुळ उरतं. धुतल्यानंतर बॉडीला उघड्या हातानं शिवायचं नाही, कारण बोटाच्या तेलावर रंग धरत नाही. आतून एक लाकडी काठी चिकटपट्टीनं पक्की करा आणि तीच मूठ समजा. पँटोग्राफ, काचा, बफर, जे सुटं होतं ते काढून ठेवा. स्क्रू हरवतात म्हणून मी जुना मिसळणाचा डबा वापरतो, प्रत्येक वाटीत एका भागाचे स्क्रू.

प्राइमरचा रंग कुठला, हे कुणी विचारत नाही, पण लाल इंजिनाला त्यानंच फरक पडतो. लाल रंग मुळात पारदर्शकतेकडे झुकणारा. करड्या प्राइमरवर तो विटका, विटेसारखा दिसतो, आणि तो उजळावा म्हणून माणूस हातावर हात मारत सुटतो. तुमच्या जाळ्या त्यानंच बुजल्या असाव्यात. पांढऱ्या प्राइमरवर दोन-तीन पातळ हातांत लाल खुलतो, क्रीमलाही पांढराच हवा. थराच्या जाडीबद्दल एक हिशेब मनाशी ठेवा. एचओ म्हणजे १:८७. मॉडेलवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला तर खऱ्या इंजिनावर तो जवळजवळ ९ मिलिमीटरचा गिलावा झाला. खरी डब्ल्यूएपी-४ बफरसकट १८.८ मीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या टेबलावर साधारण २१.६ सेंटिमीटर, वीतभर. वीतभर वस्तूला वीतभराचाच रंग लागतो.

माझे वडील प्रतापनगरच्या वर्कशॉपात होते. डभोईच्या नॅरोगेज गाड्यांचं काम तिथे चालायचं. ती तीच लाइन, डभोई ते मियागाम, १८६२ साली गायकवाडांनी सुरू केलेली, सुरुवातीला जिच्यावर बैल गाड्या ओढायचे. पुढच्या वर्षी वाफेची इंजिनं आली तर रूळ त्यांच्या वजनाला पुरेनात, आणि जड रूळ पडून इंजिनं नियमित धावायला १८७३ उजाडलं. लहानपणी मी वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन जायचो तेव्हा तिथला पेंटर रेल्वेच्या डब्यावर अक्षरं काढताना दिसायचा. डाव्या हातात आडवी काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकलेलं, आणि ब्रश एकदाच, न थांबता ओढलेला. रंग वाळला की नाही हे तो कधी बोट लावून बघत नसे. नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. रंगाचा वास येतोय तोवर थिनर अजून बाहेर पडतंय, म्हणजे रंग आत कच्चा आहे. मी आजही इंजिनाचा वास घेतो आणि ही कसोटी घड्याळापेक्षा खरी निघते. ॲक्रिलिकला टेप लावण्याआधी चोवीस तास, एनॅमलला तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत, हे नुसते अंदाज आहेत. वास गेला पाहिजे.

आता रंगाचा क्रम. तुम्ही आधी लाल मारून वर क्रीम पट्टा काढलात. उलट करा. फिकट आधी, गडद नंतर. क्रीमला लालवर उठायला पाच हात लागतात आणि पट्ट्याच्या कडेला पायरी तयार होते. लालला क्रीम झाकायला दोन पुरतात. म्हणजे पट्टा जिथे येणार तिथे थोडं वर-खाली जाऊन क्रीम मारायचा, पूर्ण वाळू द्यायचा, पट्ट्यावर टेप लावायची आणि मग सगळी बॉडी लाल करायची. एकाच जातीचे (सगळे ॲक्रिलिक, सगळे एनॅमल किंवा सगळे लॅकर) रंग वापरा म्हणजे डोकेदुखी नाही. जाती मिसळल्याच तर एक नियम कधी मोडू नका: एनॅमलवर लॅकर कधी नाही. लॅकरचं थिनर खालचं एनॅमल उचलतं आणि रंगाला सुरकुत्या पडतात. उलट क्रम, म्हणजे वाळलेल्या लॅकरवर एनॅमल, चालतो.

टेप. हार्डवेअरच्या दुकानातली क्रीम रंगाची जाड मास्किंग टेप भिंतीसाठी असते. तिची कड कुरतडलेली असते आणि गोंद रंगाला सोबत घेऊन निघतो. मॉडेलवाल्यांची पिवळी पातळ टेप, टामियाची किंवा तशीच, महाग वाटली तरी घ्या, एक गुंडाळी कितीतरी इंजिनांना पुरते. तिचीही कड रिळावर धूळ खाल्लेली असते, म्हणून काचेवर चिकटवून स्टीलच्या पट्टीनं आणि नव्या ब्लेडनं ताजी कड कापून घ्यायची. पट्टा मोजायला दोन्ही टोकांना खिडकीच्या खालच्या कडेपासून अंतर घ्या, तळापासून नाही. प्रिंटचा तळ क्वचितच सरळ असतो. टेप बसल्यावर टूथपिकनं कड दाबत जा, दरवाजाच्या खाचेत, हँडरेलच्या मुळाशी विशेष. मग लाल मारण्याआधी टेपच्या कडेवर पुन्हा एक पातळ हात क्रीमचाच मारायचा. फट राहिली असेल तर तिच्यात क्रीम शिरेल, क्रीमवर क्रीम कुणाला दिसत नाही, आणि लालला शिरायला वाट उरत नाही. तुमच्या पट्ट्याच्या कडेला जे दात आलेत ते या एका हातानं थांबतात. माझ्या सगळ्या सल्ल्यांतला एकच लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

टेप काढायची ती लाल बोटाला न चिकटण्याइतका वाळल्यावर, पण दगड होण्याआधी. टेप स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा.

स्प्रेच्या डब्यानं मारताना डबा आधी दोन-तीन मिनिटं हलवा. थंडीच्या दिवसांत तो आधी कोमट पाण्यात उभा करून ठेवा, उकळत्या नाही आणि गॅसवर तर मुळीच नाही. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. बॉडीच्या बाहेर सुरू करायचं, बॉडीवरून सरळ जायचं, पुढे बाहेर गेल्यावर बोट सोडायचं. बॉडीवर सुरुवात केली की तिथे ओघळ येतो. पहिला हात इतका पातळ, की खालचा पांढरा दिसत राहील आणि तुम्हाला वाटेल काहीच झालं नाही. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. गच्चीऐवजी मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात काम करा, खोकं आडवं टाकून, मागच्या भिंतीला भोक पाडून घरातला जुना एक्झॉस्ट फॅन बसवून. फॅनची हवा खिडकीबाहेर जायला हवी. सुती रुमाल किंवा औषधाच्या दुकानातला मास्क रंगाची वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफेसाठीची काडतुसं असलेला मास्कच लागतो. देवघरातला दिवा आणि गॅस दोन्ही बंद. स्प्रेचं काम तुमचं, लेकीचं नाही. तिचं काम पुढे आहे आणि ते अधिक नाजूक आहे.

पुढेमागे एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग उडवणारं पेन) घेतलात तर दुहेरी चापाचा, ०.३ मिलिमीटर नोझलचा घ्या, दाब १५ ते २० पीएसआय ठेवा, रंग दुधाइतका पातळ करा. कॉम्प्रेसर पाणी अडवणारी बाटली असलेलाच हवा, नाहीतर पावसाळी दिवसांत नळीतून पाण्याचे थेंब रंगावर येतात. पण पहिल्या इंजिनाला डबा पुरे. एअरब्रश नीट धुवायला शिकण्यात जो वेळ जातो तो आत्ता डेकलला द्या.

लाल छटेबद्दल थोडं. खऱ्या इंजिनावरचा रंग मोठ्या पृष्ठभागावर, उन्हात दिसतो. तोच रंग तसाच्या तसा वीतभर मॉडेलवर मारला तर खोलीत काळपट वाटतो. मी लालमध्ये चमचाभराला दोन-तीन थेंब पांढरा किंवा क्रीम घालतो. डब्याचा रंग वापरणार असाल तर दोन लाल छटांमधली उजळ निवडा, बस्स.

आता रंग वाळला, वास गेला. यानंतरची पायरी तुम्ही गाळली होती आणि तिच्यावाचून डेकल बसत नाही: ग्लॉस क्लिअर. टामियाचं एक्स-२२ किंवा तसंच कुठलंही ॲक्रिलिक ग्लॉस. दोन पातळ हात आणि तिसरा जरा ओला, इतका की उजेड धरला तर ट्यूबलाइटची सरळ रेघ त्यात दिसावी. रेघ तुटक दिसली तर पृष्ठभाग अजून खरखरीत आहे. तेव्हा १५०० किंवा २००० चा वॉटर पेपर ओला करून हलकेच फिरवा आणि आणखी एक हात द्या. इंजिन खेळण्यासारखं चकचकीत दिसायला लागेल, घाबरू नका, शेवटी ती चमक काढायचीच आहे. दोन दिवस धूळ बसणार नाही असं झाकून ठेवा.

इथून पुढे लेकीच्या हातात द्या. लहान बोटं, चांगली नजर, आणि अकराव्या वर्षी असतो तितका धीर पुढे कुणाकडे राहत नाही.

आधी सराव. जुन्या सीडीची पारदर्शक पेटी घ्या, ती पॉलिस्टायरीनची असते आणि तिच्यावर रंग नीट धरतो. श्रीखंडाच्या डब्यावर करू नका, त्या प्लॅस्टिकवरून रंग सालीसारखा निघतो. पेटीच्या अर्ध्या भागावर लाल आणि ग्लॉस, अर्ध्यावर लाल आणि मॅट. शीटवरचे नको असलेले आकडे दोन्हीकडे लावू द्या. चंदेरी कड का येते हे तिला त्या एका पेटीवर मी सांगितल्यापेक्षा चांगलं समजेल.

लावताना एका वेळी एकच डेकल कापायचं, पापुद्र्याच्या कडेला अगदी लागून, नव्या ब्लेडनं. वाटीत फिल्टरचं पाणी. चिमट्यानं कागद धरून दहा ते वीस सेकंद बुडवायचं आणि बाहेर काढून ओल्या टिशूवर मिनिटभर ठेवायचं. पाण्यातच सुटेपर्यंत ठेवलं तर डिंक वाहून जातो आणि दुसऱ्या दिवशी आकडा सुटतो. तुमचा सुटलेला आकडा बहुधा असाच गेला. बॉडीवर जिथे लावायचं तिथे ब्रशनं मायक्रो सेट या डेकलच्या द्रावणाचा थेंब. ते सौम्य आम्ल असतं, पृष्ठभाग ओला ठेवतं आणि पकड वाढवतं. नाहीच मिळालं तर पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून काम भागतं. कागद बॉडीला टेकवून ब्रशच्या टोकानं पापुद्रा कागदावरून सरकवायचा. बोटानं ओढायचं नाही, तुमचे दोन आकडे तिथेच फाटले. जागेवर आणून मग टिशूच्या कोपऱ्यानं कडेचं पाणी टिपून घ्यायचं आणि मधून बाहेर हलकं दाबायचं.

डब्ल्यूएपी-४ चा नंबर पाच आकडी. आकडे सुटे असतील तर मधला, म्हणजे तिसरा, आधी लावा आणि दोन्हीकडे सरका. डावीकडून सुरू केलं तर शेवटचा आकडा नेहमी दरवाजावर चढतो. खाली टेपची एक बारीक पट्टी लावून तिच्यावर आकडे टेकवा, ओळ वाकडी जाणार नाही. पट्टी आकडे वाळल्यावर काढा.

सगळे आकडे तासभर स्थिर झाले की मायक्रो सोल. हे सेटपेक्षा वेगळं, हे पापुद्र्याला विरघळण्याच्या काठावर नेऊन मऊ करतं, म्हणजे तो जाळीच्या फटीत, रिव्हेटवर, जोडाच्या खाचेत रंगासारखा बसतो. लावल्यावर दोन मिनिटांत डेकलला सुरकुत्या पडतात आणि काळजाचा ठोका चुकतो. हात लावू नका. कुणालाही लावू देऊ नका. तासाभरात तो आपोआप सपाट होतो. त्या क्षणी बोट लागलं तर आकडा चिखलासारखा सरकतो आणि काही उपाय राहत नाही. दुसऱ्या दिवशी कुठे बुडबुडा दिसला तर बारीक सुईनं टोचून पुन्हा थेंबभर सोल. जाळीवरून जाणारं अक्षर असेल तर फटींवर ब्लेडनं चिरा देऊन मग सोल लावा.

घरी छापून बघू का, असंही तुम्ही विचारलंय. घरचा इंकजेट किंवा साधा लेझर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पारदर्शक डेकल-कागदावर पांढरा आकडा म्हणजे कोरा कागद, आणि लाल अंगावर क्रीम किंवा पिवळा आकडा छापला तर खालचा लाल त्यातून डोकावतो. क्रीम पट्ट्यावर येणारी काळी अक्षरं मात्र घरी छान होतात. इंकजेटची शाई पाण्यात वाहते, म्हणून छापल्यावर क्लिअर स्प्रेचे दोन-तीन हलके हात देऊन पूर्ण वाळल्यावरच पाण्यात टाका. पांढऱ्यासाठी तयार छापील शीटच घ्या.

काय कुठे लिहायचं हे शीटवरच्या चित्रावरून ठरवू नका. एकच इंजिन निवडा, एकाच नंबराचं, आणि त्याचेच फोटो गोळा करा, दोन्ही बाजू आणि दोन्ही तोंडं. एका शेडच्या, म्हणजे इंजिनं जिथे ठेवतात त्या जागेच्या, दोन इंजिनांतही अक्षरांची उंची, शेडचं नाव, हिंदी-इंग्रजीची जागा सारखी नसते. लेकीला घेऊन वडोदरा स्टेशनच्या फलाटावर तासभर बसा आणि नंबर कुठल्या जोडावरून सुरू होतो, पट्टा तोंडाकडे वळताना कसा वाकतो हे तिला वहीत काढू द्या. पूर्वी गायकवाडांच्या राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातल्या मुलांसाठी छोटी रेल्वे होती, आज जिथे फतेहसिंह संग्रहालय आहे त्या शाळेपर्यंत ती जायची. या गावात मुलांनी रेल्वेवर जीव लावणं नवं नाही.

शेवटचे थर झटपट. डेकलला चोवीस तास द्या. ओल्या कापसानं डिंकाचे डाग पुसा, ते राहिले तर क्लिअरखाली तपकिरी दिसतात. मग एक पातळ ग्लॉस, आणि त्यावर सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकीचं क्लिअर. पूर्ण मॅट मला इंजिनावर आवडत नाही, शेडमधून धुऊन निघालेल्या इंजिनाला थोडी झाक असते. स्वस्त लॅकर क्लिअर क्रीमवर काही वर्षांत पिवळं पडतं, म्हणून ॲक्रिलिकच. काचा सगळ्यात शेवटी बसवा. चाकांच्या धावेवर आणि वीज घेणाऱ्या पट्ट्यांवर क्लिअरचा कणही जाऊ देऊ नका, इंजिन जागचं हलणार नाही. धूळ-काजळीचं काम पहिल्या इंजिनावर करू नका.

जून सुरू झालाय. रंग उतरवणं, घासणं, लांबी भरणं, सीडीच्या पेटीवरचा सराव, हे सगळं पावसात होतं आणि त्यात दोन महिने सहज जातात. प्राइमर आणि रंग दिवाळीनंतर. उरलेली डेकलची शीट तोवर उघडी ठेवू नका. दमट हवेत डिंक जागा होतो आणि कागद गुंडाळी धरतो. झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून, जाड वहीत सपाट ठेवा. पापुद्रा पिवळसर वाटला तर ऑक्टोबरच्या उन्हात शीट खिडकीच्या काचेला आतून चार-आठ दिवस चिकटवा, पिवळेपणा बराच उतरतो. पण वापरण्याआधी एक नको असलेला आकडा पाण्यात टाकून बघा. तो तुकडे होऊन सुटला तर बाकी सगळ्या शीटवर क्लिअरचा एक हात देऊन, वाळवून, मगच कापायला घ्या.